माश्यायच्या पिक्चरमधली मंगला

नाही भाऊ, जाऊच नको म्हणते ना मी! आलुबोंडा खा, बस येईपर्यंत इथंच बेंचवर टेक. त्या टॉकीजमधी हाय काय पाहाले? जंगलातून मधाच्या माश्या येतात, गावाले डसतात, गाव मरते — झाला पिक्चर. अन् माश्या तरी कशा, काळ्या वाटाण्यायवानी! इथंच नागझिऱ्याजवळच्या गावात काढला म्हणून पहिल्या दिवशी सारी साकोली लोटली, अन् हासून हासून घरी गेली. पडद्यावर माणसं मरून राहिले, खाली लोकं शिट्ट्या मारून राहिले! आता नुसत्या खुर्च्या पाहातात. आज शेवटचा दिवस, उद्या उतरते.

हो, माही जाऊ हाय त्याच्यात. कोणं सांगतलं तुले? मंगला. धाकट्या देराची बायको. पोस्टरच्या कोपऱ्यात तोंड वासून हाय ना, तीच. पण ते काम माहं होतं भाऊ! पहिले मलेच निवडलं होतं. पिक्चरवाला म्हणे, बाई, माश्या आल्या समजा अन् करा. मी केलं — पदर डोक्यावरून घेतला, पालथी पडली, हालली नाही. तेंदूपत्ता तोडणारी कोणतीही बाई हेच करन. आग्या माश्या उठल्या का जमिनीले चिपकून राहायचं, हात हालवला का मेली. तो म्हणे, बाई, तुमचं तोंड कुठं दिसून राहिलं? अन् मंगलाले उभं केलं. ती केस मोकळे सोडून पळाली, हात नाचवले, बोंबलली — घेतलं तिले!

जळते? मी कायले जळू? पिक्चर पडला, चांगलं झालं. मीच सांगते ना येणाऱ्या-जाणाऱ्याले, नको जाऊ म्हणून.

पहिल्या दिवशी आम्ही घरचे सारे गेलो होतो. मंगला मेली अन् टॉकीज हासलं — माहा आवाज साऱ्यायहून मोठा. बाजूले पाहाते त सचिनचा बाप, माहा नवरा, दुपट्ट्यानं डोळे पुसून राहिला! अरे, तू भासरा तिचा, मोठा जेठ! बारा वर्षं झाली तिच्या लग्नाले, तुह्यापुढं तिच्या डोक्यावरचा पदर कधी सरकला नाही, अन् तू तिच्यासाठी रडतं? खोट्या मरणाले? मले खऱ्या डसल्या होत्या रे! गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या उन्हाळ्यात, तेंदूपत्त्याले गेली तवा — सचिन पोटात. तीन दिवस डोळे उघडले नाही. हा बाप्या दारातूनच म्हणे, चुना लाव. अन् गेला सानगडीच्या बाजाराले.

पिक्चर लागला त्या दिवसापासून रोज येते तो. दुपारच्या खेळाले. मी इथं तळत राहते, तो आत. आताही आतच हाय. नाही, नाही इचारलं कधी. काय इचारू? माह्यासाठी काहून नाही रडला म्हणून? इचारीन, अन् तो म्हणन, तू कुठं बोंबलली होती? नव्हतीच बोंबलली ना मी. पडून राहिली होती. पोटाखाली सचिन, वर पदर, अन् मी… हूं पण नाही केलं, भाऊ. घरी आल्यावर पण नाही.

दार उघडलं पाह्य टॉकीजचं. आला. ऊठ भाऊ, बेंच खाली कर, त्याले बसू दे. ऊठ म्हणते ना! अन् त्याच्या डोळ्याकडं पाहू नको.