कठड्यावरचा पांढरा ठिपका

नाव व पत्ता वरच्या रकान्यात लिहून दिला आहे. वय ५१ वर्षे. धंदा फोटोग्राफी, लग्नाचे किंवा पासपोर्टचे फोटो काढत नाही, भिंतीवर लावायचे काढतो.

पोलीस ठाण्यात समक्ष विचारल्यावरून सांगतो की, गोदामाच्या रखवालदाराचे डोके फोडल्याच्या संशयावरून अटकेत असलेला इसम माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ आहे. त्या वेळी आपण घड्याळाच्या चौकात होतो, असे तो सांगतो. त्याच वेळी मी तिथे फोटो काढत होतो. तो फोटो साहेबांनी प्रदर्शनातून उतरवून टेबलावर ठेवला आहे. त्यात घड्याळ आहे, बाके आहेत, माणूस एकही नाही.

साहेब म्हणाले, "यात मेहुणा कुठंय?"

खुलासा असा की, भिंगापुढे काळी काच लावून मी अर्धा तास कॅमेरा उघडा ठेवतो. तेवढ्या वेळात जे हलते ते फोटोत उमटत नाही. घड्याळाचा मिनिटकाटासुद्धा नुसता धुरकट दिसतो. चौकात गर्दी होती. मेहुणा तर एका जागी टिकणाऱ्यातला नाहीच. बायको त्याला लहानपणापासून भिंगरी म्हणते.

"म्हणजे तो होता?" असे विचारता मी हो म्हणालो. "तुम्ही पाहिलंत?" असे विचारता माझी पंचाईत झाली. हा फोटो मी इतक्या वेळा पाहिला आहे, की आता डोळे मिटले तरी चौक रिकामाच दिसतो. गर्दी होती हे मला ठाऊक आहे, पण आठवत नाही. याची मला भीती वाटते.

एवढे आठवते की, "दाजी, चहा घ्या, गार होईल," असे म्हणून कोणीतरी समोरच्या कठड्यावर कागदी कप ठेवला. मला दाजी म्हणणारा जगात तो एकटाच आहे.

साहेबांनी भिंग लावून कठडा पाहिला. कप नव्हता. तो मीच झाकला होता. छापलेल्या फोटोत तो पांढरा ठिपका डोळ्यांत खुपत होता, म्हणून बारीक कुंचल्याने त्यावर राखाडी रंग भरला. मूळ निगेटिव्ह मागितली, तीही नाही. एका फोटोची एकच प्रत, असा माझा हेका आहे. प्रदर्शनाच्या उद्घाटनाला सगळ्यांसमोर मी निगेटिव्हचे कात्रीने तुकडे केले. टाळ्या झाल्या. मेहुण्यानेही वाजवल्या.

रंग पाण्याचा असल्याने साहेबांच्या परवानगीने मी ओला रुमाल फिरवला. फोटो खराब झाला. कठड्यावर पांढरा ठिपका निघाला.

साहेब म्हणाले, "हा कपच कशावरून?"

मी म्हणालो, तो हलला नाही यावरून. मी चहा प्यायलो असतो तर तो उमटलाच नसता. तो तसाच गार झाला.

बाहेर बसलेली बायको हे ऐकून दारात आली. "अहो, दिसला म्हणा ना! एवढ्याशा शब्दानं माझा भाऊ घरी येईल," असे म्हणून ती रडू लागली. मलाही भरून आले. परंतु मी त्याला पाहिले नाही. तो चहा घेऊन आला तेव्हा मी मान वर केली नव्हती. आवाज त्याचाच होता.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितले तसाच उतरला आहे. यातले काहीही पुसू नये, ही विनंती.