कोंढारीची न दिसणारी मशीद

टाळ जरा खाली ठेवा. पखवाजवाले बुवा, तुम्हीही हाताला विसावा द्या. मंडळी, ऐका! आता जे सांगणार आहे त्याला साथ नको, कान पाहिजेत.

आधी एक प्रश्न. समजा, उद्या कुणी आलं आणि तुम्हाला म्हणालं, "भजन करा, पूजा करा, आमची ना नाही. फक्त देवळाचा कळस उतरवा. कमान पाडा. दार रस्त्याकडून बुजवा आणि मागच्या बोळात काढा. देव ठेवा, पण दिसू देऊ नका!" काय कराल? ... बघा, पुढच्या रांगेतल्या आबांच्या मुठी आवळल्या! राग आला ना? यायलाच पाहिजे. मग आता दुसरा प्रश्न. हेच आपण दुसऱ्याला सांगितलं तर?

आबांच्या मुठी सुटल्या! बरं. उत्तर मी देत नाही. कोंढारी गावच्या हैबतरावांची गोष्ट देईल.

कोंढारी म्हणजे नदीकाठचं, अडीचशे उंबऱ्यांचं गाव. ही गोष्ट चाळीस वर्षांपूर्वीची. हैबतराव शेळके तिथले सरपंच. माणूस वाईट नव्हता हो! ते आधी सांगतो, कारण गोष्टीतला चुकणारा माणूस वाईटच असतो असं आपल्याला वाटतं, आणि मग आपण निवांत बसतो, आपल्याबद्दल चाललंच नाही म्हणून! हैबतराव पहाटे उठून काकड्याला जायचे. दुष्काळात स्वतःची विहीर त्यांनी गावाला खुली केली होती. विहिरीवर कुणाची जात विचारली नाही, धर्म विचारला नाही.

गावात नदाफांची अकरा घरं. नदाफ म्हणजे पिंजारी, कापूस पिंजणारे, गाद्या भरणारे. कोंढारीत असं एक घर नव्हतं जिथं नदाफांच्या हातची गादी नाही. पाच पिढ्या गावात, पण नमाज पढायला जागा नाही. कुणाच्या ओसरीवर, कुणाच्या कापसाच्या कोठीत चालायचं. त्यांच्यातले थोरले दस्तगीरचाचा. साठी ओलांडलेला माणूस, दाढीत कायम कापसाचा एखादा तंतू अडकलेला. त्यांनी स्वतःच्या जागेवर मशीद बांधायचा अर्ज पंचायतीत दिला. अर्जासोबत नकाशा. समोर कमान, बाजूला एक मिनार.

हैबतरावांनी नकाशा उलगडला, मिनारावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "चाचा, हे कशाला?"

"मशीद हाय ना दादा. मिनार असतो."

"नमाजाला मिनार लागतो का?"

"न्हाई लागत."

"मग? बांधा की! कोण नको म्हणतं? पण रस्त्याच्या तोंडाशी जागा तुमची. येणाऱ्या-जाणाऱ्याला गावाचं पहिलं दर्शन काय होणार? लोक कुरकुर करतील. मिनार नको, कमान नको, पाटी नको. दार मागून काढा. आत काय करायचं ते करा."

दस्तगीरचाचांनी नकाशाची घडी घातली. म्हणाले, "दादा, अर्जात मी लिवलंय, का पायजे ते. तेवढं ग्रामसभेत वाचून दावाल?"

"वाचायचं काय त्यात? मी परवानगी देतोच आहे."

आणि अर्ज गेला कपाटात! परवानगी मिळाली, बरं का. हैबतराव घरी जाऊन जेवले, शांत झोपले. आपण किती मोठ्या मनाचे, असंही त्यांना वाटलं असेल. मंडळी, आपण दुसऱ्याला अर्धं देतो आणि पूर्ण दिल्याचं समाधान घेतो. घेतो की नाही? ... माना हलवू नका, फक्त ऐका.

मशीद झाली. चार भिंती, वर पत्रा, मागच्या अंगाला दार. आत पश्चिमेच्या भिंतीत एक कोनाडा. त्यांच्यात त्या दिशेला तोंड करून उभं राहतात, म्हणून तो कोनाडा फार मानाचा. तेवढाच काय तो मशिदीचा मशीदपणा! बाहेरून बघाल तर खताचं गोदाम. नदाफांनी ते मान्य केलं. रोज झाडून घ्यायचे, सारवल्यासारखं लख्ख ठेवायचे. दोन वर्षं गेली.

मग हैबतरावांच्या शालनचं लग्न ठरलं. एकुलती एक लेक! मुलाचे वडील पलीकडच्या तालुक्यातले रंगनाथ गुरुजी. गळ्यात माळ, कपाळी बुक्का, शाळामास्तर म्हणून हयात गेलेली. फक्त पानाचा शौक. माळकऱ्याला पान चालतं का? ... माझ्याकडे बघू नका, माझा डबा घरी आहे!

लग्नाचा मांडव उभा राहिला. वऱ्हाडाला बसायच्या गाद्या नदाफांनी घातल्या. शालनच्या रुखवतातली गादी तर दस्तगीरचाचांनी स्वतःच्या हाताने पिंजून भरली. भर दुपारी अक्षता पडल्या. वऱ्हाडाची पहिली पंगत उठली. ऊन असं की पायाखालची धूळ पोळत होती. जानवसा शाळेत दिलेला, तिथं गर्दी, पोरांचा कालवा. गुरुजींना जरा पाठ टेकायची होती. सोबतचा एक पाहुणा म्हणाला, "त्या तिकडं एक रिकामं गोदाम हाय. आत चटया हायत, गारवा हाय."

गुरुजी आणि तिघं निघाले. हैबतराव दुसऱ्या पंगतीत वाढप बघत होते. त्यांना दिसलं! पाहुणे कुणीकडे चाललेत ते त्यांना स्पष्ट दिसलं. हाक मारायची, "पाव्हणं, तिकडं नको, ती मशीद आहे." बस, एवढंच बोलायचं होतं. पण मग व्याही विचारणार, मशीद? मग मशिदीसारखी का नाही? सांगायचं काय? भर मांडवात? हैबतरावांनी मान वळवली आणि म्हणाले, "इकडं जिलबी आणा रे!"

गुरुजी वहाणा घालून आत गेले. गोदामात वहाणा कोण काढतो? चटया पसरून सगळे आडवे झाले. उठल्यावर गुरुजींनी पानाचा विडा लावला, तोंड रंगलं, थुंकायला जागा पाहिजे. समोर भिंतीत एक रिकामा कोनाडा.

काय झालं ते माझ्या तोंडून वदवून घेऊ नका.

उन्हं उतरल्यावर दस्तगीरचाचा आणि चार माणसं तिसऱ्या प्रहरच्या नमाजाला आली. आत पाय ठेवला आणि थबकली. चटयांवर वहाणांची माती. भिंतीवरून लाल ओघळ. चाचांचा पुतण्या महंमद, तिशीतला गडी, तो उसळला. "मी जातो मांडवात! विचारतोच समद्यांना!"

चाचांनी त्याचा दंड धरला. "थांब. गावच्या लेकीचं लगीन हाय आज. ती आता सासरी निघंल. तिच्या डोळ्यांदेखत नको."

"मग काय करायचं चाचा?"

"पाणी आण."

इकडे वऱ्हाड निघायची वेळ झाली. गुरुजींना आठवलं की चष्मा तिथंच राहिला. म्हणाले, "हैबतराव, चला जरा, त्या गोदामात." हैबतरावांचा पाय उचलेना. पण व्याह्याला एकटं कसं पाठवणार? गेले.

दारातून बघतात तर एक म्हातारा गुडघ्यावर बसून, डोक्याची टोपी सावरत, ओल्या फडक्याने कोनाडा पुसतोय. बाकीचे चटया धुतायत. फक्त पाण्याचा आवाज, आणि लांबून मांडवातल्या सनया.

गुरुजी हसून म्हणाले, "काय हो बाबा, गोदाम एवढं घासूनपुसून काय करताय?"

चाचांनी मान वर केली. "गोदाम न्हाई गुरुजी. मशीद हाय."

मंडळी, गुरुजींचं तोंड पांढरं पडलं. त्यांनी आधी स्वतःच्या पायांकडे बघितलं, मग त्या कोनाड्याकडे. उंबऱ्याबाहेर जाऊन वहाणा काढल्या. डोक्यावरचा लग्नाचा फेटा उतरवून बाजूला ठेवला. आत आले, चाचांच्या हातातलं फडकं घेतलं आणि खाली बसले.

"सोडा गुरुजी, होतंय आता."

"नाही. माझ्या तोंडाची घाण आहे ही." पुसता पुसता ते म्हणाले, "अहो, पण कळावं कसं माणसाला? पाटी नाही. कमान नाही. तोंड मागे फिरवलेलं. मी रस्त्याने जाताना मिनार दिसला तरी हात जोडणारा माणूस आहे हो! असं का बांधलंत तुम्ही?"

दस्तगीरचाचांनी पाण्याची बादली पुढे सरकवली. त्यांनी हैबतरावांकडे बघितलंसुद्धा नाही! बघितलं असतं तर बरं झालं असतं, असं हैबतराव पुढे कितीदा म्हणायचे. त्या न बघण्यानेच त्यांचा जीव कासावीस झाला.

शेवटी हैबतरावच म्हणाले, "त्यांनी नाही गुरुजी. मी. मीच सांगितलं होतं, दिसायला नको म्हणून. आणि दुपारी तुम्हाला इकडे येताना बघितलं, तरी बोललो नाही."

गुरुजी उठले. "हैबतराव, तुमची लेक आजपासून माझी लेक. तिला या गोष्टीचा वारा लागणार नाही. पण आज एका देवाच्या दारात मी थुंकलो. थुंकलो मी, पण मला आंधळं तुम्ही केलंत."

वरात गेली. लेकीसाठी रडायचं ते हैबतराव धड रडलेही नाहीत. लोकांना वाटलं, बापाचं मन घट्ट आहे!

आठ दिवस त्यांना अन्न गोड लागेना. नवव्या दिवशी सकाळी ते नदाफांच्या आळीत गेले. दस्तगीरचाचा धनुकलीने कापूस पिंजत होते.

"चाचा, मिनार मी बांधून देतो. माझ्या हाताने."

धनुकलीची तार थांबली. चाचा म्हणाले, "नको दादा."

"का? राग आहे अजून?"

"राग हाय. खोटं कशाला बोलू? पण त्यासाठी नको म्हणत न्हाई. तुमी बांधून दिला तर तो तुमचा मिनार हुईल. लोक म्हनतील, सरपंचानं दिला. उद्या दुसरा सरपंच येईल, तो म्हनंल, काढा. आमचा आमी बांधू. आमाला हात बी हायत आन् वीट बी हाय. तुमी फकस्त आडवं येऊ नका."

ऐकलंत? उपकार नको म्हणतोय. हक्क मागतोय! हैबतराव मोठ्या मनाने द्यायला गेले होते, आणि त्या म्हाताऱ्याने त्यांना कळवलं की हे तुमचं नव्हतंच, तुम्ही फक्त अडवून धरलं होतं.

"आन् एक करा," चाचा म्हणाले. "तो अर्ज वाचा."

ग्रामसभा भरली. चावडीसमोर सगळं गाव. हैबतरावांनी कपाटातला दोन वर्षांहून जुना अर्ज काढला आणि उभं राहून मोठ्याने वाचला. फार लांब नव्हता. "आम्ही या गावात पाच पिढ्या आहोत. आमची माणसं याच मातीत पुरली आहेत. आमच्या लेकी सासरहून येताना लांबून गावचं देऊळ बघतात आणि म्हणतात, आलं आपलं गाव. तसंच आमचंही काही लांबून दिसावं, एवढी इच्छा आहे."

वाचून झाल्यावर हैबतरावांनी तो अर्ज सगळ्यांना दिसेल असा चावडीच्या पायरीवर ठेवला.

बाजीराव थोरात म्हणून एक पंच होते. ते उठले. "म्हंजे उद्या देवळाच्या बरोबरीनं उभं राहणार का हे? गावाची शोभा काय राहील?"

हैबतराव म्हणाले, "बाजीराव, गावाची शोभा मी थोड्या दिवसांपूर्वी बघितली. एक म्हातारा आपल्या देवाच्या जागेवरची थुंकी पुसत होता, आणि आत माझ्या लेकीच्या लग्नाच्या सनया ऐकू येत होत्या. ती शोभा मला परत बघायची नाही. घरपट्टी भरायला ते गावचे. मत द्यायला गावचे. पुरात वाहती पोरं बाहेर काढायला गावचे. मग देवाला हाक मारतानाच त्यांनी तोंड लपवायचं का? मी चुकलो होतो. जाहीर सांगतो, चुकलो होतो. कायद्याने त्यांना जे मिळायचं ते मी माझ्या भीतीने अडवलं."

सभेत गोंधळ झाला. काही जण उठून गेले. पण हात वर झाले, मोजले गेले, आणि ठराव मंजूर झाला. फक्त सात मतांनी! सगळं गाव एका दमात शहाणं झालं असं मी सांगणार नाही, खोटं बोलल्याचं पाप लागेल. पुढच्या निवडणुकीत हैबतराव पडले. देवळाच्या पंचमंडळातूनही त्यांना काढलं. जन्मभराचे दोन मित्र त्यांच्याशी पुन्हा बोलले नाहीत. हैबतराव काकड्याला मात्र जात राहिले. मागे, खांबाशी बसायचे.

नदाफांनी मिनार बांधला, एक वीट एक वीट करून, वर्षभर. दार रस्त्याकडे काढलं. कमानीवर पाटी लावली, मराठीत आणि उर्दूत. हैबतरावांनी त्या वर्षभरात तिकडे फिरकायचं टाळलं. आपण गेलो तर आपलाच मोठेपणा होईल म्हणून.

एकदा लेकीला भेटून ते एसटीने परत येत होते. शेजारी कुठल्यातरी लांबच्या गावची म्हातारी. वळण आलं, आणि चिंचेच्या झाडांच्या वर आधी देवळाचं शिखर दिसलं, मग मिनार. म्हातारीने दोन्हींकडे बघून हात कपाळाला लावले आणि विचारलं, "कुठलं गाव हो हे दादा? मोठं देवाचं दिसतंय."

हैबतराव खिडकीतून मिनार मागे जाईपर्यंत बघत राहिले. मग म्हणाले, "कोंढारी. माझं गाव."

मंडळी, गोष्ट इथं संपते. पण कीर्तन संपत नाही.

मी या गावात पाहुणा आहे. संध्याकाळी येताना तुमच्या पंचायतीसमोर चहा घेतला. समोर फळा. फळ्यावर उद्याच्या ग्रामसभेची नोटीस. मास्तराचा मुलगा मी, दिसेल ते वाचायची खोड! विषय पहिला, नळपाणी. विषय दुसरा, स्मशानाचा रस्ता. विषय तिसरा, ओढ्याकडच्या ख्रिस्ती मंडळींचा प्रार्थनाघरावर क्रूस उभारण्याचा अर्ज. आणि त्याच्यापुढे खडूने, आधीच, कुणीतरी लिहून ठेवलंय: नामंजूर.

बघा! आता कुणाच्याच मुठी आवळलेल्या नाहीत. नजरा मात्र खाली गेल्या.

तो अर्ज तुमच्यातल्या किती जणांनी वाचलाय? हात वर करू नका, मला दिसतंय. उद्या सकाळी दहा वाजता सभा आहे. तिथं मी नसेन, माझी गाडी सातची. पण ज्याचं नाव घेऊन आपण इथं दोन तास बसलो, तो तिथं असेल. तो कुणाच्या बाजूला बसलेला असेल ते तुम्ही बघा.

उद्या हात वर करायची वेळ येईल. आज ते जोडा. टाळ उचला बुवा.