बंद टीव्ही चोरीस गेलेला नाही

जळगाव, दि. ८ ऑक्टोबर १९९६
वेळ : दुपारी १२.४०

मी, कुंदाबाई लीलाधर देसले, वय ४३ वर्षे, धंदा घरकाम व शिवणकाम, शिक्षण सातवी पास, राहणार पिंप्राळा, जळगाव, आज रोजी कोणीही न बोलावता आपणहून पोलीस ठाण्यात आले असून समक्ष सांगते ते येणेप्रमाणे.

मी वरील ठिकाणी माझे पती लीलाधर यांच्यासह राहते. पती एका खाजगी कापूस जिनिंगमध्ये वजनकाट्यावर कारकून आहेत. आम्हास एक मुलगी असून तिचे लग्न झाले आहे, ती नरडाण्यास असते. माझी सासू झुंबरबाई आमच्याजवळच राहत होती. ती या वर्षी २ एप्रिल रोजी वारली.

माझ्या पतीने काल, दि. ७ रोजी, आमच्या ओट्यावरून टीव्ही चोरीस गेल्याची तक्रार दिली असून त्यात नासीर हाशम पिंजारी, भंगार घेणारा, यास संशयित म्हणून आणून बसविले आहे. सदर टीव्ही चोरीस गेलेला नाही. तो मी माझ्या हाताने नासीर यास दिला आहे. पतीस हे माहीत आहे.

टीव्हीबाबत विचारल्यावरून सांगते की, तो वीस इंची, काळा-पांढरा, लाकडी पेटीचा, समोर सरकते शटर व त्याला कुलूप असलेला आहे. सन १९८५ साली घेतला. तेव्हा आमच्या गल्लीत दुसरा नव्हता. रविवारी चाळीस-चाळीस माणसे बसत. किल्ली पतीच्या करगोट्याला असे. ते कामावर गेल्यावर घरात टीव्ही असून मी किंवा सासूने कधी पाहिलेला नाही.

सन १९९३ मध्ये त्याचे चित्र जाऊन नुसती आडवी रेघ राहिली, नंतर तीही गेली. मेकॅनिकने घरी येऊन ट्यूब गेल्याचे सांगितले व विकून टाका म्हणाला. पतीने त्यास चहा न पाजता वाटेला लावले. त्यानंतर चौदा इंची रंगीत टीव्ही घेतला व तो या बंद टीव्हीच्या डोक्यावर ठेवला. मागील वर्षी रंगीत टीव्हीसाठी शोकेस केल्यावर बंद टीव्ही सासूच्या खोलीत नेला. त्या खोलीत अगोदरच एक व्हॉल्व्हचा रेडिओ, एक टेप, दोन जळालेले मिक्सर, स्टॅबिलायझर व तीन बंद पंखे होते. पती घरातील कोणतीही वस्तू बाहेर जाऊ देत नसत. दसऱ्याला या सर्व वस्तूंना ते स्वतः पुसून हळदकुंकू लावत. सासूची खाट व भिंत यांमध्ये एक पाऊल मावेल इतकी वाट शिल्लक होती.

सासू मला म्हणे, "कुंदा, हाऊ डबा आठून काढ वं. माले पाय टेकाले जागा नही शे." टीव्ही तेथून काढा, असे मी पतीस सांगितले. एकदा नाही, बरेचदा सांगितले. "एक दिवस कामी यी," असे त्यांचे उत्तर असे.

दि. ११ जानेवारी रोजी पहाट सरून उजाडल्यावर सासू मोरीकडे जाण्यास उठली. तिचा पाय टीव्हीच्या वायरीत अडकला व ती त्याच टीव्हीच्या कोपऱ्यावर कंबरेवर पडली. मी स्वयंपाकघरातून धावत गेले. पती माझ्या मागून आले. त्यांनी प्रथम शटर सरकवून आत पाहिले व विचारले, "काच फुटनी का?" त्यानंतर आम्ही दोघांनी सासूस उचलले. हे मी समक्ष पाहिले व ऐकले आहे.

सासूचे खुब्याचे हाड मोडले होते. ती पुन्हा चालली नाही. पावणेतीन महिने मी तिचे सर्व केले. तेवढे दिवस टीव्ही त्याच जागी होता. खाटेवरून तिला तोच दिसे. ती भिंतीकडे तोंड करून झोपे. तिच्या तेराव्यानंतर मी पतीस पुन्हा म्हटले की, आता तरी हा काढा. ते म्हणाले, "माय गई, त्यामा डबाना काय दोस?"

हे सर्व तक्रारीशी संबंधित नाही असे लिहून घेणारे हवालदार म्हणाले. मी संबंधित आहे असे सांगितले व लिहिण्यास सांगितले.

दि. २४ सप्टेंबर, मंगळवार रोजी सकाळी दहाच्या सुमारास पती कामावर गेल्यावर नासीर हा हातगाडी घेऊन गल्लीत आला. मी त्यास सहा-सात वर्षांपासून ओळखते. रद्दी, बाटल्या, फुटकी बादली असे त्यास देत असे. मी त्यास आत बोलावून टीव्ही दाखविला. तो उंबऱ्यावरच थांबून म्हणाला, "ताई, भाऊंना विचारलं का? भाऊ लय जपतात." मी म्हटले, "घर माझंही आहे." त्यावर तो म्हणाला, "ताई, हे नुसतं लाकूड नि थोडं तांबं आहे, याचं काही येणार नाही." तरी तो पैसे देऊ लागला. मी घेतले नाहीत. त्यास एकट्याने उचलेना म्हणून दुसरी बाजू मी धरली. आम्ही दोघांनी तो ओट्यावरून गाडीवर ठेवला. शेजारणी पाहत होत्या. त्यांना विचारावे. खोली झाडून मी शिवणयंत्र तेथे आणले.

सायंकाळी पती जेवण्यास बसले असता मी टीव्ही दिल्याचे सांगितले. त्यांनी विचारले, "कोणले दिधा?" मी नासीरचे नाव सांगितले. "फुकट?" असे विचारले. मी हो म्हटले. यापुढे जे झाले ते टीव्हीबाबत नसल्याने सांगत नाही. मला डाव्या कानाने सध्या कमी ऐकू येते, म्हणून प्रश्न उजव्या बाजूने विचारावेत अशी विनंती मी हवालदारांना केली आहे.

त्यानंतर बारा दिवस पतीने टीव्हीचा विषय काढला नाही. माझ्याशी बोलणेही ठेवले नाही. रविवार दि. ६ रोजी ते बाजारातून आले ते हातात छापील कागद घेऊन. एका दुकानाने दसऱ्यानिमित्त जुना टीव्ही कोणत्याही अवस्थेत द्या व नवीन मोठा रंगीत टीव्ही सवलतीत घ्या, असे जाहीर केले होते. जुना संच ट्यूबसह अखंड पाहिजे, एवढीच अट होती. पतीने तो कागद माझ्यासमोर शिवणयंत्रावर ठेवला व ते म्हणाले, "वाच. मोठ्यानं वाच." मी वाचला. त्यांनी तो पुन्हा वाचण्यास सांगितले. असा चार वेळा वाचून घेतला.

काल सोमवारी सकाळी साडेनऊ वाजता पतीने त्यांचे मित्र निंबा यांस मॅटॅडोर घेऊन बोलाविले. घर दाखविण्यासाठी मला बरोबर घेतले. नासीरचे घर मेहरूणच्या बाजूला आहे, ते त्याने रद्दी नेताना कधी सांगितले होते. एकच खोली आहे. आम्ही पोहोचलो तेव्हा नासीर दारात बसून वायरीवरचे आवरण सोलत होता. त्याची पत्नी सलीमा आत होती.

टीव्हीची पेटी भिंतीशी होती. सलीमाने ती धुऊन पुसून घेतली होती. आतले सर्व काढून टाकलेले होते व तेथे मुलांचे कपडे घड्या करून ठेवले होते. शटर लावलेले होते. आमच्या घरी ते अकरा वर्षांत इतके स्वच्छ मी पाहिले नव्हते.

पती म्हणाले, "मन्हा टीव्ही दे." नासीर उठून उभा राहिला व म्हणाला, "भाऊ, ताईंनी स्वतः दिला ना. मी मागितला पण नव्हता." मी म्हटले, "मीच दिला आहे." पती म्हणाले, "तू गप." सलीमा पेटीतले कपडे काढू लागली. सगळे खाटेवर टाकून म्हणाली, "घेऊन जा भाऊ तुमचा डबा. आम्हाला नको." पतीने ट्यूब विचारली. नासीर म्हणाला, "ट्यूब तर फोडून टाकली भाऊ. काचेला कोण घेतं? तांबं गेलं वजनावर."

पतीने रिकाम्या पेटीत हात घालून पाहिला. मग त्यांनी नासीरच्या तोंडात मारली. नासीरने त्यांचा हात धरला व म्हणाला, "हात नका लावू, तुमच्या वयाचा मान ठेवतो." दारात माणसे जमली होती, त्यांतील कोणीतरी हसले. माझ्या मते पुढचे सर्व त्या हसण्यामुळे झाले. निंबा यांनी नासीरची गचांडी धरली. पती म्हणाले, "उचल, आणि गाडीत ठेव." नासीर म्हणाला, "ठेवतो, मग जा." त्याने वाकून पेटीच्या खाली हात घातला. ती जमिनीपासून थोडी उचलली असता पतीने वरून लाथ मारली. पेटी त्याच्या उजव्या मनगटावर पडली. आवाज आला. तो आवाज मी जानेवारीतही ऐकला होता.

सलीमा ओरडली. मी पेटीला हात लावून उचलू लागले. निंबा म्हणाले, "वहिनी, बाजूला व्हा." मी बाजूला झाले नाही. सलीमा व मी पेटी उचलली.

नंतर पती व निंबा यांनी नासीर यास पोलीस ठाण्यात नेतो म्हणून तशाच अवस्थेत मॅटॅडोरमध्ये बसविले व पेटीही घेतली. मला वाटेत पिंप्राळ्यात उतरविले. उतरताना पती म्हणाले, "कोणी इचारं ते सांगजो, डबा गया त्या दिवशी मी घर नव्हती." मी उत्तर दिले नाही. ते उत्तर मी आज येथे देत आहे.

काल सायंकाळी पाच वाजता सलीमा माझ्या दाराशी आली. पती घरी होते. ती ओट्याच्या खाली उभी राहिली व म्हणाली, "ताई, त्यांना चोर लिहिलंय. गल्ल्यागल्ल्यांत फिरून पोट भरतात ते. चोर म्हटल्यावर कोण दारात उभं करेल?" पतीने दार लावून घेतले. मला त्या वेळी दार उघडता आले असते. मी उघडले नाही. हे माझ्याविरुद्ध जात असेल तरी लिहावे.

रात्री मी पतीस जेवण वाढले. ते म्हणाले, दोन दिवसांत सुटेल, धडा मिळू दे. आज ते कामावर गेल्यावर मी निघाले व चालत येथे आले.

नासीर यास माझ्यासमोर आणण्यात आले. मी त्यास ओळखले. टीव्ही मी याच इसमास दिला. त्याच्या उजव्या मनगटास प्लास्टर आहे. मी त्यास विचारले, "दुखतं का?" तो म्हणाला, "ताई, तुम्ही घरी जा. तुमचं घर मोडेल."

माझा जबाब चालू असता, सव्वा वाजता, माझे पती पोलीस ठाण्यात आले. त्यांना कोणी कळविले ते मला माहीत नाही. ते मेजाजवळ येऊन हवालदारांना म्हणाले, "साहेब, माय वारल्यापासून हिचं डोकं ठिकाणावर नाही." मी म्हटले, "माय कशी वारली ते मी आत्ताच लिहून दिलं आहे. वाचा." त्यांनी वाचले नाही. ठाणे अंमलदारांनी त्यांना बाहेर बाकावर बसण्यास सांगितले. सध्या ते तेथेच आहेत.

ठाणे अंमलदारांनी मला समजावून सांगितले की, माझ्या जबाबाने माझ्या पतीची तक्रार खोटी ठरेल, त्यांच्यावरच मारहाणीचा गुन्हा दाखल होईल, नोकरीवरही परिणाम होऊ शकेल. बाई, नीट विचार करा, घरातले घरात मिटवा, असेही ते म्हणाले. मी सांगितले की, घरातले घरात मिटवायला मी अकरा वर्षे दिली. आता हे घरातले राहिलेले नाही. बाहेरच्या माणसाचा हात मोडला आहे.

माहेरी चोपड्यास भावाकडे निरोप द्यावा का, असे विचारण्यात आले. मी नको सांगितले. मी येथून पिंप्राळ्यासच जाणार आहे. तेथे माझे शिवणयंत्र आहे व गिऱ्हाइकांचे कपडे अर्धवट आहेत. मी घरात असताना मला काही इजा झाल्यास ती पाय घसरून, वायरीत अडकून किंवा स्टोव्हने झाली असे कोणी सांगितल्यास ते खरे धरू नये.

रद्दी-भंगार देण्यापलीकडे माझा नासीर किंवा त्याच्या घरच्यांशी कोणताही व्यवहार नाही. मला कोणी शिकविलेले नाही, धमकावलेले नाही. पतीविषयी राग आहे का, असे विचारल्यावरून सांगते की, आहे. रागाने खोटे सांगते आहे का, असे विचारल्यावरून सांगते की, नाही.

जबाब मला शब्द न् शब्द वाचून दाखविला. त्यात शेवटी "सदर प्रकार पती-पत्नीमधील किरकोळ गैरसमजातून घडला" असे एक वाक्य होते. ते मी सांगितलेले नव्हते. ते माझ्यासमोर खोडण्यात आले. उरलेले सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर लिहिले आहे. अशा जबाबावर साक्षीदाराची सही लागत नाही असे मला सांगण्यात आले. तरी मी सही करीत आहे, व जेथे खोडले तेथेही करीत आहे.

(सही) कुंदाबाई लीलाधर देसले
(खोडलेल्या जागी सही) कुंदाबाई लीलाधर देसले

समक्ष : ठाणे अंमलदार
वेळ : दुपारी २.१५