मी एक शब्द बोलले नाही

...आणि वर मलाच विचारतात, "आजी, तुम्ही मध्ये का बोललात?" मी? अहो, मी एक शब्द बोलले नाही. तुम्हाला सांगते, जन्मात पहिल्यांदा सव्वा तास, घड्याळात बघून सव्वा तास मी तोंड मिटून बसले, आणि नेमकं त्याच दिवशी मला दुकानाबाहेर काढलं. आता बोला.

थांबा, आधीपासून सांगते, नाहीतर तुम्हीही दुकानातल्या त्या फळीवाल्या साहेबाचीच बाजू घ्याल. माझ्या लेकीची लेक, तिला आम्ही ठिणगी म्हणतो, ती लागली चौकातल्या त्या तळलेल्या चिकनच्या दुकानात. काचेच्या भिंती, लाल खुर्च्या, आत गाणी चालू, तसलं दुकान. तिथे ही तळणीवर. पहिला महिना कच्ची, महिना संपला की त्यांच्या मनाला आलं तर पक्की, नाही आलं तर एप्रन घडी करून द्यायचा आणि घरी. आता तिच्या याआधी दोन नोकऱ्या गेल्यात, एक बेकरीतली आणि एक खानावळीतली, आणि दोन्हींत माझा हात होता असं घरात बोललं जातं. हात कसला? बेकरीच्या मालकाला मी एवढंच सांगितलं की बाबा, तुझा पाव आतून ओला आहे. होताच ओला, चार गिऱ्हाइकांसमोर बोट घालून दाखवला. खानावळीचं सोडा... तिथे जरा जास्त झालं.

म्हणून या वेळी महिन्याच्या शेवटच्या दिवशी सकाळीच पोरगी माझ्या पलंगावर येऊन बसली. "आजी, तुला मला काम करताना बघायचंय ना? ये. पण एक शब्द बोलायचा नाही. माझ्याशी नाही, कुणाशीच नाही. आज साहेब माझ्या मागे उभे राहून बघणार आहेत. ही नोकरीसुद्धा गेली तर मी पुन्हा तळणीला हात लावणार नाही, सांगून ठेवते."

"बरं," म्हटलं.

"आणि तू माझी आजी नाहीस."

"कधीपासून?"

"अकरा वाजल्यापासून."

अकराला पाच कमी असताना मी दारात. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "काय देऊ?" मी चित्राकडे बोट दाखवलं. "तिखट?" मान हलवली. "मोठं करू?" मान हलवली. "सोबत बटाटा? सॉस? थंड काही?" आता नाही म्हणायचं तर तोंड उघडावं लागणार, नुसती मान आडवी हलवली की या पोरी पुन्हा विचारतात, तर मी आपली होच म्हणत गेले मानेनं, आणि माझ्यासमोर आली सहा माणसांची बादली. बादली, अहो. आम्ही बादलीनं पाणी काढलं, हे बादलीनं कोंबडी काढतात. पण मी एक शब्द बोलले नाही. उचलली आणि तळणीच्या काचेला लागून बसले.

तुम्ही म्हणाल, म्हातारीला तळणीतलं काय कळतं? तीस वर्षं कारखान्याच्या फाटकासमोर माझी तळणीची गाडी होती. चिकन, बटाटा, मासळी. मला कुणी शिकवलं नाही. ना आईनं, ना सासूनं, ना कुठल्या पुस्तकानं, पुस्तकं तर मी नंतर वाचायला शिकले, पुड्यांच्या कागदांवरून. हे मनगटावरचे डाग बघा, ही माझी शाळा. आणि काय शिकले? तर तेल ऐकायचं. तुकडा पडला की तडतड करतो, आतलं पाणी बाहेर येत असतं. पाणी सरत आलं की तो आवाज बसतो, बारीक होतो, पावसानं आवरतं घ्यावं तसा. तिथे काढायचं. आधी नाही, नंतर नाही. ठिणगी कॉलेज सांभाळून चार वर्षं माझ्या गाडीवर होती, तिला मी हेच शिकवलं. तेही तोंडानं नाही, माझं तोंड गिऱ्हाइकांशी भांडण्यात गुंतलेलं असायचं. मी झाऱ्यानं कढईच्या काठावर ठोकायचे. एकदा ठोकलं, तुकडा उलटव. दोनदा ठोकलं, काढ. झालं शिक्षण.

या दुकानात मात्र ऐकायचं काम नाही. जाळीची टोपली तेलात बुडवायची, बटण दाबायचं, घंटी वाजली की वर. कान असोत नसोत. आणि ठिणगीच्या मागे तो साहेब. साहेब म्हणजे काय, मिसरूड फुटून फार दिवस झाले नसावेत, गळ्यात पट्टा, हातात फळी, फळीवर कागद, कागदावर चौकोन. तिनं हात धुतला की चौकोनात खूण. तिनं शिंक दाबली की खूण. पण पोरगी काय उभी होती सांगू... पाठ ताठ, केस टोपीत, पिठात घोळवताना बोटं कशी, जशी काही सतार वाजवतेय. मला उठून सगळ्या दुकानाला सांगावंसं वाटलं, बघा, बघून घ्या. मी एक शब्द बोलले नाही.

मग बादलीतला तुकडा तोंडात घातला. चोथा. वरून रंग छान, आत नुसता दोरा. मी काचेतून बघितलं तेव्हा कळलं, त्या दिवशी तुकडे आले होते लहान आणि घंटी आपली मोठ्या तुकड्यांच्या हिशेबानं वाजत होती. शेजारच्या टेबलावरची बाई नवऱ्याला सांगतेय, "काय खरपूस आहे ना?" खरपूस म्हणे. मी नुसतं तिच्याकडे बघितलं. तिनं टेबल बदललं. पण बोलले का मी? नाही.

इतक्यात पुढची टोपली पडली. तडतड... तडतड... आणि बसला आवाज. काचेपलीकडून, गाण्याच्या गोंगाटातून मला ऐकू आला, सत्याहत्तराव्या वर्षी. घंटीचा पत्ता नाही. काढ, पोरी. जीभ दाताखाली धरली. काढ ना. कागदी रुमाल तोंडात कोंबला. फळीवाला चौकोनात डोकं घालून उभा. आता माझं तोंड मी बांधून ठेवलं होतं हो, पण हाताला कुणी शपथ घातली होती? हातात काठी. टेबलाचा पाय लोखंडी. टक, टक.

टोपली वर.

तेल निथळून झालं तरी घंटी वाजायची होती. फळीवाला म्हणाला, "घंटी कुठे झाली?"

"आवाज बसला होता, सर."

"कसला आवाज?"

"तेलाचा."

त्यानं तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, काठीकडे बघितलं. "या कोण?"

"गिऱ्हाईक," ठिणगी म्हणाली. पापणी हलली नाही हो तिची. रक्त माझंच.

मग तो बाहेर आला आणि विचारलं, जे मी तुम्हाला मघाशी सांगितलं ते. मध्ये का बोललात. मी तोंडातला रुमाल काढून दाखवला. "कृपया बाहेर थांबा," म्हणाला. मी बादली उचलली आणि ताठ मानेनं निघाले. दारातून वळून बघितलं तर तो एक तुकडा मोडून बघत होता. चाखायला एक पुरतो ना? त्यानं तीन खाल्ले.

पण बाहेर आल्यावर बोटांवर मोजलं, खोटं कशाला सांगू. तिसरी नोकरी. तीही मीच घालवली, आणि या वेळी तर तोंडही न उघडता. समोर गोठवलेल्या दह्याचं दुकान होतं, तिथे जाऊन बसले. दही लावायला मी जन्मभर उबेची जागा शोधली, गोधडीत गुंडाळून ठेवलं, आणि हे लोक त्याचा बर्फ करतात. दाताला कळ लागली. बरं झालं, डोळ्यांत पाणी कशाचं ते कुणाला सांगावं लागलं नाही.

तीन वाजता ठिणगी आली. एप्रन अंगावरच. "पक्की झाले, आजी. आणि घंटीची वेळ अलीकडे घेतली त्यांनी, तिन्ही यंत्रांवर."

"मग? टकटक केलं कुणी?"

ती माझ्या कपातलं दही चमच्यानं उकरत बसली. मग हळूच म्हणाली, "तू ठोकलंस ना, तेव्हा माझा हात टोपलीच्या दांड्यावर होता."

"आधीच?"

"आधीच."

तुम्हाला सांगते, मला म्हणायचं होतं बरंच. चार वर्षांचं म्हणायचं होतं. पण मी एक शब्द बोलले नाही, आणि या वेळी कुणी शपथही घातली नव्हती.

"फक्त एक अट आहे त्यांची," ती म्हणाली. "काठीवाल्या बाई माझ्या पाळीत दुकानात दिसता कामा नयेत."

तर आता मी रोज समोर दह्याच्या दुकानात बसते. तिथून काचेतून तिची टोपी तेवढी दिसते, आवाज काही येत नाही. आणि त्या दुकानात म्हणे सगळं आपलं आपणच करायचं... कप आपणच धरायचा, यंत्राचा दांडा आपणच ओढायचा, दह्याचा मनोरा आपणच रचायचा. माझा रोज कलंडतो. आणि तोंड उघडून दोन गोष्टी सुनवाव्यात म्हटलं तर कुणाला सुनवणार? काढणारी मीच.