लातूरहून पाऊण तास

मी विशाखा आनंदराज सोनकांबळे, वय ४६ वर्षे, व्यवसाय अंगणवाडी सेविका, राहणार सांगवी, नांदेड. समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून जबाब देते की,

मी वरील पत्त्यावर पती व सासूसह राहते. माझी मुलगी बुद्धप्रिया, वय २१, ही लातूर येथे विमान चालविण्याचे शिक्षण घेते. आज सकाळी तिचा फोन आला. ती म्हणाली, "आई, आज मी एकटीच विमान चालवत येऊन राहिले. सोबत सर न्हाईत. नांदेडला उतरायचं, अन् लगेच माघारी. भेटता यायचं न्हाई, तू येऊ नको."

लातूर ते नांदेड एसटीने तीन तास लागतात. विमानाने सरळ अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास असून तिच्या लहान विमानाला पाऊण तास लागतो, असे तिनेच मला पूर्वी सांगितले होते. निघताना तिने "निघाले" एवढा मेसेज केला. त्यानंतर तिचा फोन बंद होता.

मी मुलांना खिचडी वाटून, अंगणवाडी मदतनीस बाईवर सोपवून विमानतळाच्या भिंतीजवळ गेले. घरी सांगितले नव्हते. पाऊण तास होऊन गेला. प्रवाशांचे एक मोठे विमान उतरले. लहान आले नाही. मी भिंतीच्या कडेने फाटकापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. किती वेळा, ते सांगता येणार नाही. लातूरच्या वाटेवरील लोह्याच्या बाजूला आभाळ काळे झाले होते.

फाटकावरील सुरक्षा रक्षक संगमेश्वर बिरादार यांना मी विचारले, "भाऊ, लातूरचं बारकं इमान आलं का?" ते म्हणाले, "मावशी, आमाला न्हाई सांगत कुणी. इथून सरका." मी सरकले. नंतर विटांच्या ढिगावर पाय देऊन भिंतीवर चढले. मला आत जायचे नव्हते. खालून धावपट्टी दिसत नव्हती. बिरादार यांनी खाली ओढले तेव्हा मी भिंतीवरची काटेरी तार सोडली नाही, त्यामुळे हाताला लागले. त्यांनी मारहाण केलेली नाही. मी त्यांना वाईट बोलले, ते बोलायला नको होते.

येथे आणल्यावर हवालदार साहेबांनी, कोणाची वाट पाहत होता, असे विचारले. मला मुलीचे नाव लगेच सांगता आले नाही. पाणी प्याल्यावर सांगितले.

साहेब लातूरला फोन लावीत असतानाच माझा फोन वाजला. बुद्धप्रिया होती. रडत होती. "आई, अहमदपूरच्या पुढं लई ढग होते. मी माघारी फिरले. सगळे म्हणतील, भिली."

मी विचारले, "उतरलीस ना?"

"हाव. लातूरलाच."

मी खाली बसले. मला ठाण्यात घेऊन आलेले बिरादार तेथेच उभे होते. ते बाहेर निघून गेले.

नंतर ती म्हणाली, "सर विचारून राहिले, उद्या आभाळ मोकळं असलं तर जातीस का. जाऊ का गं?"

माझ्या तोंडात 'नको' आले होते. मी "जा" म्हणाले.

माझा हा जबाब मराठीत लिहून मला मोठ्याने वाचून दाखविला. मी सांगितले तसाच तो आहे व खरा आहे, म्हणून खाली सही करते.