रामघाटावरचे सहा जण

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या समाजाचे ज्येष्ठ मार्गदर्शक माननीय भय्यासाहेब, व्यासपीठावर बसलेले सत्कारमूर्ती श्री. दत्तात्रय पुराणिक, म्हणजे आम्हा सगळ्यांचे दत्तूदादा, सौ. अपर्णावहिनी, आणि फ्रीगंजातल्या या सभागृहात उन्हातान्हाचे आलेले माझे बंधू-भगिनी. आपणां सर्वांना नमस्कार. फोटो काढणाऱ्या ताईंना एक विनंती, फ्लॅश जरा कमी ठेवा, मला कागदावरचं दिसत नाही.

दादा आमच्या हिंदी सायंदैनिकाच्या डेस्कवरून चौतीस वर्षांनी निवृत्त झाले. आत येताना दोघा-तिघांनी विचारलं, "क्यों आल्हाद, बिदाई दफ्तर में क्यों नहीं रखी?" त्याचं उत्तर मी देणार आहे. थोडा वेळ घेईन. भय्यासाहेब, आपण घड्याळ काढून ठेवलंय ते मी पाहिलं.

दादांच्या टेबलावर काच होती आणि काचेखाली एक पिवळा पडलेला कागद. त्यावर त्यांच्या मोत्यासारख्या अक्षरात काही शब्द होते. गुट, दल, टोली, मंडली, संघ, सिंडिकेट, गैंग, गिरोह. प्रत्येकापुढे तो कधी वापरायचा ते लिहिलेलं. 'गिरोह'पुढे दोनच शब्द होते, 'अदालत के बाद'. न्यायालयानं म्हणेपर्यंत आपण कुणाला टोळी म्हणायचं नाही.

मी नवीन असताना एकदा बातमी आणली. ठेलेवाल्यांनी मिळून पेरूचा एकच भाव ठरवला होता. मी लिहिलं, ठेलेवाल्यांचं गिरोह. दादांनी चष्मा कपाळावर सरकवला. "काल त्या बड्या दुकानदारांनी बसून भाव ठरवला, त्यांना तू काय लिहिलंस?"

"एसोसिएशन."

"मग यांना का नाही? त्यांच्याकडे लेटरहेड आहे म्हणून? ये कौन सी डिक्शनरी में लिखा है, भैया?"

सगळं डेस्क हसलं. मीही हसलो. कळलं मात्र नाही.

सिंहस्थाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. रामघाटावर तेव्हा सहा फोटोवाले होते. यात्रेकरूंचे फोटो काढून तिथल्या तिथे छापून द्यायचे. भांडणं नकोत म्हणून त्यांनी आपसांत पाळ्या लावल्या होत्या. सकाळी या पायऱ्या तुझ्या, संध्याकाळी माझ्या. एका सकाळी एका यात्रेकरूची बॅग सापडेना. पोलिसांनी सहाही जणांना चौकशीला बोलावलं आणि दोन तासांत सोडलं. आमच्या बातमीदारानं तेवढंच लिहून पाठवलं. मथळा दिला होता, 'छह फोटोग्राफरों से पूछताछ'.

त्या दिवशी दादा रजेवर होते. वहिनींच्या डोळ्यांचं ऑपरेशन होतं. डेस्कवर मी होतो. पान सुटायला दहा मिनिटं होती आणि मला तो मथळा अळणी वाटला. मी तो खोडला आणि लिहिलं, 'रामघाट पर फोटोग्राफरों का गिरोह'.

दादा, मान हलवू नका. आज मला बोलू द्या.

चार वाजता देवास गेटवर पोरं तो मथळा ओरडत अंक विकत होती. सहा वाजता बॅग सापडली, त्या यात्रेकरूच्याच बसमध्ये, सीटखाली. दुसऱ्या दिवशी आम्ही आतल्या पानावर दोन ओळी छापल्या, बॅग मिळाली म्हणून. गिरोह नव्हतं, हे छापलं नाही. मालक म्हणाले, "पूछताछ तो हुई थी ना? फिर खंडन किस बात का?"

पुढं सिंहस्थासाठी घाटावरचे परवाने निघाले. या सहा जणांच्या अर्जांना कुणीतरी आमचं कात्रण जोडलं. सहाही अर्ज परत आले. चौघे इंदूरला गेले, एक गावी शेतीवर गेला. राहिला मांगीलाल. सव्वीस वर्षं त्याच पायऱ्यांवर उभा राहिलेला माणूस. तो कात्रण घेऊन आमच्या कार्यालयात आला. आवाज चढवला नाही. म्हणाला, "साब, फोटो खींचते थे। बस वो एक शब्द निकाल दो।"

दादा उठून उभे राहिले. म्हणाले, "डेस्क मेरी है। शब्द भी मेरा है। बैठिए।"

मी तीन खुर्च्या सोडून बसलो होतो. निविदेची एक जाहिरात तपासत होतो. ती मी पुन्हा तपासली, मग पुन्हा. मान वर केली नाही.

मांगीलाल दर वर्षी त्याच तारखेला यायचा. दादा चहा मागवायचे, त्याच्यासमोर चार ओळींचा 'भूल सुधार' लिहायचे आणि वर मालकांकडे पाठवायचे. दर वर्षी तो कागद न छापता परत यायचा. मधल्या काळात संपादकपदासाठी दादांचं नाव दोनदा निघालं आणि दोनदा मागं पडलं. "पुराने मामले उखाड़ता है," असं वर कुणी म्हणाल्याचं आम्ही ऐकलं. दादांनी घरीसुद्धा माझं नाव घेतलं नाही. वहिनी, तुम्हाला हे आज पहिल्यांदा कळतंय, ते तुमच्या चेहऱ्यावर दिसतंय.

सहाव्या वर्षी मांगीलाल आला नाही. त्याची मुलगी आली. म्हणाली, "पापा नहीं रहे। तारीख याद थी, इसलिए मैं आ गई।" दादांनी चहा मागवला. त्या दिवशी दोघांनीही तो घेतला नाही. पुढं दर वर्षी ती येत राहिली.

गेल्या महिन्यात, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, दादांनी त्या चार ओळी कुणालाही न विचारता पहिल्या पानावर लावल्या. 'वे छह व्यक्ति गिरोह नहीं थे। यह डेस्क की भूल थी।' कार्यालयातला निरोप समारंभ रद्द झाला तो यामुळे. आपण इथं जमलो आहोत तेही यामुळेच.

पण त्या चार ओळींतही माझं नाव नव्हतं. तिथंही दादांनी मला झाकलं. त्यांनी माझी चूक दहा वर्षं आपल्या अंगावर वागवली आणि मी त्यांना दर दिवाळीला पेढे देत राहिलो. हारतुरे घालायला आलेल्या माणसानं हे सांगावं का? मला दुसरं काही सांगता येत नाही.

मघाशी मी ज्या ताईंना फ्लॅश कमी करायला सांगितलं, त्या म्हणजे मांगीलालची मुलगी, सुमन. आजचे फोटो तिनंच काढावेत हा दादांचा हट्ट होता. सुमन बेटा, कैमरा एक मिनट नीचे रखो। वो शब्द दादा ने नहीं लिखा था। मैंने लिखा था। नाम, आल्हाद। सामने बैठा था, हर साल।

अध्यक्षमहाराज, आयोजकांनी मला इथं उभं राहू दिलं, त्यांचे आभार. आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, आपलेही आभार. दादा आणि वहिनींना पुढचे दिवस सुखाचे जावोत. माझ्या बोलण्यात कमी-जास्त झालं असेल तर आपण सगळ्यांनी ते पोटात घालावं.

सुमन, तुम इसे पेट में मत डालना।