अपडेट होईपर्यंत

हॅलो? … हॅलो, रेत्नो ताई? मी पालुपी. किती वेळ लावतेस उचलायला… हो, हो, जेवलो आम्ही. बापाकही जेवले. अगं ऐक ना, आधी माझं ऐक. मीटर वाजतोय.

आपल्या मलांगच्या घराचा, आणखी कुणाचा? विजेचं रिचार्ज संपत आलंय. नेहमी तूच भरतेस ना, म्हणून… आत्ता हवंय. आत्ता म्हणजे आत्ता. भर आणि भरल्यावर तुला येतो तो लांबलचक आकडा मला फोनवरच सांग, मी मीटरवर दाबते.

नाही, तासाभराने चालणार नाही. … कारण वीज गेली तर माझा कॉम्प्युटर गेला.

बंद कसा करू? तेच तर सांगतेय, आत्ता बंद करायचा नसतो. त्याचं अपडेट चाललंय… छे, मोबाइलसारखं नाही गं. हे मदरबोर्डाच्या पोटातलं, अगदी मुळातलं. बोर्ड जुना, प्रोसेसर नवा. बोर्ड त्याला ओळखच देईना, ढिम्म. म्हणून दुकानातून जुना प्रोसेसर मागून आणला, तो बसवला, आणि आता बोर्डाला नव्याची ओळख करून देतेय. हे अर्धवट असताना वीज गेली ना, तर बोर्ड नवंही विसरतो आणि जुनंही. मग काय, नुसता दगड. दुसरा घ्यायला माझ्याकडे काही उरलेलं नाही.

… हो, आधी मीटर बघायला हवा होता. चुकलं माझं. झालं समाधान? भर आता.

कोपऱ्यावरच्या दुकानात कशी जाऊ? बापाकना एकटं… मशीन एकटं सोडून कशी जाऊ?

मशीनच म्हणाले मी.

ताई, आपले वडील बरे आहेत. सकाळी मिरच्यांना पाणी घातलं, तळलेली केळी खाल्ली, साखर कमी म्हणून मला बोलले. तुझीही आठवण काढली… हो, नावानिशी. … गेल्या आठवड्यात तुला आईच्या नावाने हाक मारली, माहीत आहे मला. चुकतं माणूस. तू नाही का धाकट्याला थोरल्याच्या नावाने ओरडत?

भरतेयस ना? बोलता बोलता भर. … पासवर्ड? तो मला कसा माहीत असणार, तुझा फोन, तुझी बँक. भावोजींना विचार.

हं. … हं. … आता तो विषय नको ना काढूस.

बरं, काढ. तूच ठरवलंस ना, सोमवारी माझं काम सुरू झालं तर बापाक इथे राहतील, नाही तर रविवारी गाडी घेऊन येशील आणि त्यांना सुराबायाला नेशील. मी कुठे नाही म्हणतेय? म्हणून तर जीव काढून हे सगळं जोडतेय. घरबसल्या फर्निचरची चित्रं करून द्यायची, कंपनीला माझं काम पसंत आहे. मशीन तेवढं दणकट हवं म्हणाले.

तू त्यांचे हाल करशील असं कधी म्हणाले मी? पण सातवा मजला तुझा. लिफ्ट, कुलपं, सगळी दारं सारखी. इथे त्यांना डोळे मिटून न्हाणीघर सापडतं. तिथे ते हरवतील, ताई. घरातल्या घरात हरवतील. मला भीती वाटते त्याची, बास.

… रडत नाहीये. मीटर वाजतोय तो.

आला आकडा? थांब, पुढच्या ओट्यावर जाते… बापाक, जरा सरकता का? मला मीटरपाशी येऊ द्या. हां, बसा तिथेच… हं ताई, सांग. चार, सात, शून्य, एक… पुढे? … दोन, दोन, नऊ, सहा… सावकाश गं… आठ, दोनदा आठ? … हो, हो… तीन, पाच… आणि शेवटचे? … दाबले.

घेतला. अल्हम्दुलिल्लाह, घेतला. थांबला आवाज. ताई, तुझे उपकार कसे फेडू गं.

आत आले. … चाललंय, पट्टी सरकतेय. अर्ध्याच्या पुढे गेली. … हो, बसलेय समोरच, हलत नाही. … अगं, मी एवढं बोलले ते मनावर घेऊ नकोस. तुलाही त्यांची काळजी आहे, कळतं मला. … तू थोरली, तुला बोलायचा हक्क आहे. मलाही जरा…

थांब. पंखा बंद पडला.

फोन ठेवू नकोस, आलेच.

(फोन छातीशी दाबून) बापाक? मेन स्विच तुम्ही पाडलात? … पाळी संपली? कुठली पाळी? … बापाक, तुमचा छापखाना बंद होऊन किती वर्षं… बरं. बरं. हो, गेले सगळे घरी. तुम्हीच शेवटचे. … नाही हो, रागावले नाही. मशीनं बंद करूनच निघायचं असतं, बरोबर केलंत. हात द्या. बसा इथे. स्विच मी वर करते.

हं, ताई. … बापाकशी बोलत होते. चहा हवाय त्यांना. … वीज? आहे की. पंखा फिरतोय, ऐक.

अपडेट ना… थांब, बघतेय. … बटण दाबलंय. … हो, वेळ लागतो त्याला. … पुन्हा दाबते.

… 

(फोन छातीशी दाबून) दगड. नुसता दगड.

आहे मी, ताई. आहे.

हो. झालं.

झालं म्हणजे झालं. चालू झाला. … पडद्यावर? नाव आलंय बोर्डाचं. निळ्या अक्षरांत. … हो, नवा प्रोसेसरही घेईल आता.

काय म्हणालीस? … रविवारी येत नाहीस? … राहू देतेस त्यांना? … नाही, ऐकू आलं. ऐकू आलं, ताई.

आनंदच झालाय. माझा आवाज असाच आहे.

त्यांना देऊ फोन? … आत्ता नको गं. दमलेत. … कशाने म्हणजे, वयाने. … हो, सोमवारी. सकाळीच बसते कामाला. … हो, ताई. ठेवते.